गच्चीवरचा स्मार्ट अँटेना, घरातली रेंज आणि ज्येष्ठांच्या तक्रारी : नेमकी अडचण कशी शोधावी

नवी मुंबईतील नेरूळ, सानपाडा, वाशी, कोपरखैरणे या भागांतील सोसायट्यांच्या कार्यालयांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि ती बहुधा एकाच अर्जात, एकाच दमात लिहिलेली असते: गच्चीवर नवा अँटेना बसल्यापासून घरात रेंज मिळत नाही, फोन तापतो, रात्री झोप लागत नाही, डोके जड होते, तरी समितीने अँटेना त्वरित काढून टाकावा. अर्जदार बहुतेक वेळा साठी ओलांडलेले आणि वरच्या मजल्यावर राहणारे असतात. समितीतील तरुण मंडळी 'काका उगाच घाबरतात' असे म्हणतात, खजिनदार मिळणाऱ्या भाड्याकडे बोट दाखवतात, अर्ज फायलीत जातो आणि काही महिन्यांनी तोच अर्ज नव्या तारखेने परत येतो. दूरसंचार क्षेत्रात नोकरी झालेली असल्यामुळे असे अर्ज मला वाचायला मिळतात. माझ्या मते ते पुन्हा येतात याचे कारण असे की, त्यांतील तीन-चार निरनिराळ्या तक्रारींना 'रेडिएशन' हे एकच नाव दिले जाते आणि मग त्यांपैकी एकीचाही निकाल लागत नाही. त्या सुट्या केल्या तर बहुतेकांवर उपाय असतो.

पहिली तपासणी रेंजची, पण कांड्यांवरून नव्हे

फोनच्या पडद्यावरील कांड्या किती दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते. त्यामुळे आजोबांच्या फोनवर दोन आणि नातवाच्या फोनवर चार कांड्या दिसल्या, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील 'फोनविषयी' या भागात सिमच्या स्थितीखाली सिग्नलची ताकद आकड्यात दिसते. आयफोनवर *3001#12345#* हा क्रमांक डायल केल्यास तशीच माहिती मिळते. तेथे '-97 डीबीएम 43 एएसयू' अशी नोंद असेल, तर त्यातील पहिला आकडा महत्त्वाचा. तो उणे असतो आणि शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण. 4जी-5जीच्या बाबतीत -90 च्या अलीकडे असेल तर उत्तम, -100 च्या आसपास कामचलाऊ, -110 च्या पलीकडे अडचण आणि -120 पाशी फोन जवळजवळ बहिरा. या मोजणीत दर दहाच्या फरकाला सिग्नल दहा पटींनी बदलतो, हे ध्यानात ठेवावे. -90 आणि -110 यांत वीस टक्क्यांचा नव्हे, तर शंभर पटींचा फरक आहे.

हा आकडा बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, झोपण्याच्या पलंगापाशी आणि खिडकीत, सकाळी व रात्री असा टिपून ठेवावा. खिडकीत -85 आणि पलंगापाशी -115 असे आढळले, तर दोष अँटेनाचा नसून मधल्या भिंतींचा, रंगीत काचांचा किंवा लोखंडी जाळीचा आहे. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास निघते. सिडकोच्या जुन्या इमारतींवर पावसाळी गळतीला कंटाळून सोसायट्यांनी गच्चीभर पत्र्याची शेड घातलेली असते. पत्रा हा रेडिओ लहरींना जवळपास पूर्ण अडवणारा पडदा आहे. शेडचे काम आणि अँटेना बसवण्याचे काम एकाच उन्हाळ्यात झाले असेल, तर वरच्या मजल्याची रेंज नेमकी कशामुळे गेली, हे तारखा पाहिल्याशिवाय ठरवू नये.

'आपल्याच डोक्यावर अँटेना असून आपल्यालाच रेंज नाही' ही तक्रार हास्यास्पद वाटते, पण ती तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर असू शकते. अँटेनाचा मुख्य झोत समोरच्या दिशेने, क्षितिजापासून थोडा खाली झुकलेला असतो. थेट पायाखालच्या घरांकडे त्याचा अगदी किरकोळ भाग जातो आणि तोही स्लॅबमध्ये बराच शोषला जातो. याच कारणाने अँटेनाच्या बरोबर खालच्या घरात लहरींची मात्रा समोरच्या इमारतीतील त्याच उंचीच्या बाल्कनीपेक्षा सहसा कमी भरते. तक्रार करायचीच झाली, तर ती समोरच्या इमारतीतील रहिवाशाने करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

स्मार्ट अँटेना फोन कसा 'ओळखतो'

देशात 5जी सेवेचे उद्घाटन 1 ऑक्टोबर 2022 रोजी झाले आणि त्यानंतर गच्च्यांवर जी चौकोनी, जाडसर, पेटीसारखी पॅनेले दिसू लागली, त्यांपैकी बरीचशी स्मार्ट अँटेनाच्या जातीची आहेत. जुना अँटेना ठरलेल्या दिशेला सारखाच पसारा टाकत राहतो. नव्या पॅनेलमध्ये 32 किंवा 64 प्रक्षेपक-ग्राहक जोड्या असतात, आणि प्रत्येकीच्या लहरीचा कालक्रम किंचित मागेपुढे करून झोत हव्या त्या दिशेला वळवता येतो. दिशा कोणती, हे पॅनेलला फोनच सांगतो: फोन ठरावीक काळाने ओळखीचे छोटे संकेत पाठवतो आणि ते निरनिराळ्या घटकांपर्यंत किती फरकाने पोहोचले यावरून पॅनेल झोताची आखणी करते. साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात जाणे-येणे एकाच वारंवारतेवर होत असल्यामुळे ही आखणी सोपी जाते. कोणी काही वापरत नसेल, तेव्हा पॅनेल केवळ आपल्या अस्तित्वाचे छोटे संकेत आळीपाळीने सर्व दिशांना फिरवत राहते.

यातून तक्रारींशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, या जोडीतील दुबळा गडी फोन आहे. पॅनेलची कमाल शक्ती 200 वॅटच्या घरात असू शकते; 4जी फोनची कमाल शक्ती सुमारे 0.2 वॅट. म्हणून कित्येकदा आपल्याला समोरच्याचे स्वच्छ ऐकू येते, कांड्याही भरलेल्या दिसतात, पण आपला आवाज तुटतो. शिवाय काही कंपन्यांच्या जाळ्यात 5जी फोनवरील बोलणे आजही 4जीवरूनच जाते. त्यामुळे नवे पॅनेल आले म्हणून कॉल सुधारतीलच, असे नाही.

दुसरी गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. गोंगाटात माणूस आवाज चढवतो तसा फोनही क्षीण सिग्नलमध्ये आपली शक्ती चढवतो, आणि चांगल्या सिग्नलमध्ये ती शेकडो पटींनी उतरवतो. लहरींचा सर्वांत जवळचा स्रोत कानाला लावलेला फोन हाच असतो, गच्चीवरचा अँटेना नव्हे. जवळचे अँटेना हटवून रेंज आणखी खालावली, तर ज्यांना लहरींची धास्ती आहे त्यांच्याच कानाशी फोन जास्त जोराने प्रक्षेपण करील, शिवाय अडचणीच्या वेळी 108 किंवा 112 लागण्याची खात्री उरणार नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत मला हा दुसरा धोका अधिक खरा वाटतो.

फोन तापण्याचे आणि बॅटरी झरझर उतरण्याचे कारणही बहुधा येथेच सापडते. 5जी कडेकडेने पोहोचते अशा घरात फोन दिवसभर 5जी व 4जी यांच्यात उड्या मारत राहतो. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पसंतीचा प्रकार '4जी' असा ठेवून दोन-तीन दिवस पाहावे. फोन गार राहिला तर प्रश्न मिटला. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करावे, म्हणजे आतल्या खोलीतले बोलणे वाय-फायवरून होते. दुकानदार सुचवतो तो 'बूस्टर' मात्र लावू नये. परवानगीशिवाय रिपीटर, म्हणजे असा बूस्टर, बसवणे बेकायदा आहे, आणि असा यंत्रसंच परिसरातील अँटेनाच्या कानात सतत कोलाहल ओतून आजूबाजूच्या इमारतींचीही रेंज बिघडवतो. संपूर्ण गल्लीची रेंज एकाएकी बिघडली असेल, तर कोणाच्या तरी घरी वा दुकानात नुकताच बूस्टर लागला आहे का, हे पाहणे योग्य.

मोजमाप : कशावर विश्वास ठेवावा

'रेडिएशन डिटेक्टर' नावाची फुकट अॅपे नातवंडे हौसेने आजी-आजोबांच्या फोनवर घालून देतात. ती अॅपे फोनमधील होकायंत्राचा संवेदक वाचतात आणि मायक्रोटेस्लामध्ये आकडा दाखवतात. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्रच जागेनुसार साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला असते, त्यामुळे अॅप कधीच शून्यावर येत नाही. लोखंडी कपाटापाशी, मिक्सरपाशी किंवा बीमच्या सळ्यांपाशी नेले की काटा लाल पट्ट्यात जातो आणि शिटी वाजते. मोबाइल अँटेनाच्या लहरी या संवेदकाला जाणवतच नाहीत. खात्री करायची असेल तर फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून तेच कपाट पुन्हा तपासावे. शिटी तशीच वाजेल. अॅप काढून टाकणे हा यावरचा संपूर्ण उपाय आहे.

ऑनलाइन मिळणारी हातातली मीटरे त्याहून बरी, पण त्यांच्या एककांनी घोटाळा होतो. मीटरवर 3,000 मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर दिसले की घरात हलकल्लोळ उठतो. एक वॅट म्हणजे दहा लाख मायक्रोवॅट. अर्थात हे वाचन 0.003 वॅटचे झाले. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश अशी जी मर्यादा लागू केली, ती 900 मेगाहर्ट्झसाठी 0.45 वॅट आणि 1800 साठी 0.9 वॅट प्रति चौरस मीटर होती. त्या कडक मर्यादेशी ताडून पाहिले तरी आपले भयंकर वाचन एक टक्क्याच्या आतच राहते. मीटर धरणाऱ्याने आपला फोन खिशात चालू ठेवला असेल, तर तो बहुधा आपल्याच खिशाचे मोजमाप करीत असतो. स्मार्ट अँटेनाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: मोजताना जवळ कोणी व्हिडिओ पाहत असेल तर झोत त्या दिशेला वळतो आणि आकडा चढतो, व्हिडिओ थांबला की उतरतो. म्हणून एका क्षणाच्या उच्चांकावर न जाता काही मिनिटांची सरासरी पाहावी.

अधिकृत मोजमाप हवे असेल तर दूरसंचार विभागाचे 'तरंग संचार' हे पोर्टल आहे. 2017 साली सुरू झालेल्या या पोर्टलवर आपल्या भागातील टॉवर मर्यादेत आहेत का हे पाहता येते, आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणी करता येते. सुरुवातीला हे शुल्क 4,000 रुपये ठेवण्यात आले होते. एकट्या ज्येष्ठावर हा भार टाकण्यापेक्षा सोसायटीने तो उचलावा. गच्चीचे भाडे सोसायटीच घेत असते. पत्रव्यवहार करताना नवी मुंबई ही दूरसंचारच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या नव्हे, तर मुंबईच्या परवाना क्षेत्रात येते, हे विसरू नये; चुकीच्या कार्यालयाकडे गेलेला अर्ज बराच काळ फिरत राहतो.

झोपेची तक्रार खरी असते, कारण वेगळे असते

या प्रकरणातील माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित बाब म्हणजे आवाज. अँटेनासोबत गच्चीवर एक कपाट येते. त्यात वीजपुरवठ्याची यंत्रणा, बॅटऱ्या आणि त्यांना गार ठेवणारे पंखे असतात. हे कपाट रबरी बैठकीशिवाय थेट स्लॅबवर बोल्ट केले, तर पंख्याची घरघर स्लॅबमधून खालच्या झोपण्याच्या खोलीत उतरते. दिवसा रहदारीत ती कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री एकनंतर, पाम बीच रस्ताही निवला की, तीच घरघर उशीतून ऐकू येते. भिंतीला किंवा पलंगाच्या लाकडाला तळहात लावल्यास बारीक थरथर जाणवते, आणि दिवाणखान्यात आल्यावर ती नाहीशी होते. अशा खोलीत झोपणारी व्यक्ती 'अँटेना आल्यापासून झोप गेली' असे म्हणते तेव्हा ती शब्दशः खरे बोलत असते. तिला लहरींची मर्यादा समजावून सांगणे म्हणजे पोट दुखत असताना चष्म्याचा नंबर तपासण्यासारखे आहे.

येथे उपाय स्वस्त आहे. कपाटाखाली कंपन शोषणारे रबर बसवणे, पंखे साफ करणे किंवा बदलणे, शक्य असल्यास कपाट जिन्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या बाजूला हलवणे, एवढ्याने काम होते. डिझेल जनरेटर असेल तर त्याचा आवाज आणि धूर हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि दमा असलेल्यांसाठी तो गंभीर आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे. त्या आधारे केलेल्या अर्जाला कंपनीला उत्तर द्यावे लागते. 'रेडिएशनने झोप येत नाही' या अर्जाला मात्र कंपनी लहरी मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र जोडून मोकळी होते.

अर्जात तारीखही नेमकी लिहावी. अँटेना बसवण्याचा दिवस आणि तो चालू होण्याचा दिवस यांत अंतर असू शकते. डोकेदुखी बसवण्याच्या दिवसापासून सुरू झाली असेल आणि यंत्रणा नंतर कार्यान्वित झाली असेल, तर कारण अन्यत्र शोधायला हवे, हे कोणालाही पटते.

शरीराच्या तक्रारी

या लहरींविषयी शास्त्र काय म्हणते, हे थोडक्यात सांगतो. 2011 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना 'कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या' म्हणजे 2बी गटात टाकले. भीती पसरवणारे संदेश येथेच थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात मोबाइल वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. डोकेदुखी, थकवा, निद्रानाश यांबाबत त्याच संघटनेने 2005 साली स्पष्ट केले होते की, लक्षणे खरी असतात, मात्र लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता केलेल्या प्रयोगांत त्यांचा लहरींशी मेळ बसत नाही.

हाच प्रयोग घरात राउटरवर करता येतो. आजींची संमती घेऊन, कोणत्या रात्री राउटर बंद ठेवला हे त्यांना न सांगता घरातील एकाने नोंद ठेवावी. त्याचा दिवा कापडाने झाकावा. आजींनी सकाळी झोप कशी लागली तेवढे वहीत लिहावे. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे वादाला जागा राहत नाही. निकाल काहीही आला तरी आजींची थट्टा करू नये, एवढी अट मात्र पाळावी.

त्याच वेळी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. उठताना चक्कर येणे हे रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे असू शकते, कानात सतत गुणगुण हे श्रवणशक्ती घटल्याचे लक्षण असू शकते, घोरणे आणि सकाळची डोकेदुखी एकत्र असल्यास झोपेतील श्वासाची तपासणी लागते, आणि हातापायांत मुंग्या असतील तर ब-12 जीवनसत्त्व पाहावे लागते. अँटेनाच्या वादात हे सारे मागे पडते, ही खरी हानी आहे. एका बाजूचा हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे असे काही झाले, तर तत्काळ 108 लावावा.

काही काळजी मात्र लहरी आणि चुंबक यांच्या संदर्भात रास्तच आहे. पेसमेकर असलेल्यांनी फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये; यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर अंतर राखावे आणि फोन विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जरबाबत त्याहून अधिक सावध राहावे. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्यांनी आणि पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांनी अँटेनाच्या तोंडासमोर, सूचनाफलकाने आखलेल्या जागेत जाऊ नये. फलक नसेल तर तो लावून घेणे ही समितीची जबाबदारी आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर विकायला येणारी 'रेडिएशन शोषणारी' चिप वा स्टिकर घेऊ नये, कारण ते खरोखर काही अडवत असते, तर फोनने शक्ती आणखी चढवली असती.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची एक तक्रार तर लहरींचा प्रत्यक्ष पुरावा असते. फोन वाजण्याच्या क्षणभर आधी यंत्रात 'टर्र-टर्र' असा आवाज येतो आणि बोलताना तो चालूच राहतो. जुन्या 2जी फोनचे प्रक्षेपण सेकंदाला सुमारे 217 ठोक्यांनी चालू-बंद होते आणि तो ठोका श्रवणयंत्राच्या तारांत शिरून ऐकू येतो. त्याने इजा होत नाही, पण बोलणे अशक्य होते, आणि गच्चीवर नवा अँटेना आलेला असेल तर दोष साहजिकच त्याच्यावर जातो. साध्या बटणांच्या फोनऐवजी 4जीवर बोलता येणारा बटणांचा फोन घेतला की हा आवाज बहुतेक वेळा जातो. तरीही राहिला, तर श्रवणयंत्र तंत्रज्ञाकडे फोनसह न्यावे आणि तेथेच कॉल लावून दाखवावा. यंत्र एकटे तपासले तर त्यात काहीच दोष सापडत नाही.